कोणाच्या ओट्यावर बसायचं

आमच्या गल्लीत दोन घरांचं वाजलं की ते मिटवायच्या आधी एक वेगळंच भांडण व्हायचं. बैठक कोणाच्या ओट्यावर बसवायची? माझी आई याबाबतीत हटून बसायची. ज्याच्याशी भांडण, त्याच्या ओट्यावर ती पाय ठेवायची नाही. "त्यांचं पाणी प्यायचं, त्यांच्या सतरंजीवर बसायचं आन् त्यांनाच खोटं पाडायचं, कसं जमंल?" म्हणायची. मग बराच वेळ ओढाताण होऊन बैठक मारुतीच्या पारावर जायची, कारण पार कोणाच्याच मालकीचा नव्हता.

वडील परभणीच्या मोंढ्यात हमाली करायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि कायद्याची पदवी घेतलेली तर आमच्या अख्ख्या वस्तीत पहिली. हे मी कोणी न विचारता सांगते. दोह्यातल्या आपल्या मंडळींत "तुमचे वडील काय करायचे" हा प्रश्न फार गोड आवाजात येतो, आणि उत्तर ऐकल्यावर तो आवाज जरा बदलतो. तो बदललेला ऐकायला मला आवडतं.

इथं मी एका अमेरिकन लॉ फर्मच्या छोट्या ऑफिसात आहे. वकील म्हणून नाही, माझी सनद इथं चालत नाही. वकिलांनी लिहिलेले कागद मी तपासते, तारखा सांभाळते, चुका काढते. मध्यंतरी आमच्याकडे एक काम आलं होतं. इथल्या एका कंपनीवर टेक्सासच्या एका कंपनीनं तिकडच्या कोर्टात दावा ठोकला होता, आणि आमची सगळी धडपड चालली होती ती दावा एका कोर्टातून उचलून दुसऱ्या कोर्टात न्यायची. मूळ भांडण कशाचं होतं हे त्या गठ्ठ्यात शोधावं लागत होतं. पानंच्या पानं नुसती "हे कोर्ट की ते कोर्ट" यावर.

आमचे मोठे साहेब टेक्सासचेच, साठी ओलांडलेले. कागदी कपात करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा घेऊन ते पँट्रीत उभे होते. मी विचारलं, "एकाच गावात दोन कोर्टं?"

"एकाच रस्त्यावर. खिडकीतून हात केला तर दिसेल."

"मग कायदा वेगळा लागतो का?"

"अशा दाव्यात कायदा बहुतेक राज्याचाच. दोन्हीकडे तोच."

"मग भांडताय कशाला?"

ते इतके हसले की चहा हिंदकळला. मग त्यांनी मला नीट समजावलं, आणि चांगलं समजावलं. त्यांच्याकडे प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालयं. जवळपास काहीही घेऊन जा, ती ऐकतात. त्यांच्या शेजारी केंद्राची, म्हणजे फेडरल न्यायालयं, आणि ती मात्र मोजकंच ऐकतात. केंद्राच्या कायद्याचा प्रश्न असेल तर. किंवा भांडणारे दोघं वेगवेगळ्या राज्यांचे असतील, नाहीतर त्यातला एक परदेशी असेल, आणि मामला मोठा असेल तर. हे दुसरं कलम का ठेवलं? देश नवा होता तेव्हा लोकांना धास्ती होती की परक्या राज्यातून आलेल्या माणसाला तिथलं कोर्ट सरळ न्याय देणार नाही. न्यायाधीश तिथला, पंच तिथले, सगळे एकमेकांच्या लग्नात जेवलेले.

"म्हणजे संशय," मी म्हटलं.

"संशयच. आम्ही तो घटनेत लिहून ठेवलाय."

मला हे एकदम पटलं. आपल्याकडे असं नाही. आपल्याकडे एकच शिडी आहे. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, आधी तालुक्याचं कोर्ट, मग जिल्ह्याचं, मग हायकोर्ट, वर दिल्ली. मी परीक्षेत हे लिहून चांगले मार्क मिळवले होते. पण एकाच रस्त्यावर दोन दारं आणि कुठल्या दारातून आत जायचं यावरच पहिला डाव, हे मी पहिल्यांदा बघत होते. साहेबांनी आणखी एक सांगितलं ते डोक्यात राहिलं. फेडरल न्यायाधीश कोण खरं, कोण खोटं हे नंतर बघतो. आधी स्वतःलाच विचारतो, मला हे ऐकायचा अधिकार आहे का? दोन्ही बाजू म्हणाल्या, "आहे हो, आमची हरकत नाही," तरी तो ऐकत नाही. राजीखुशीनं अधिकार तयार होत नाही.

हे सगळं ऑफिसातच राहिलं असतं. पण आमच्या वरच्या घरात एक जोडपं राहत होतं.

दोह्याच्या मदिनत खलिफा भागात आम्ही राहतो तो एक मोठा व्हिला आहे, फोडून त्याची घरं केलेली. एकाचं स्वयंपाकघर म्हणजे पूर्वीचं गॅरेज, एकाची बेडरूम म्हणजे पूर्वीची जिन्याखालची अडगळ. वरच्या भागात नाशिककडचं जोडपं आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. तो सेफ्टी इंजिनिअर, उत्तरेकडच्या एका गॅस प्लांटवर. ती इथं एका नर्सरीत शिकवायची. मला ताई म्हणायची. त्यांचं पटत नाही हे छतातून येणाऱ्या आवाजांवरून आम्हाला आधीच कळलं होतं. मग आवाज बंद झाले, आणि आवाज बंद झाल्यावर मला जास्त काळजी वाटायला लागली. तो कंपनीच्या कॅम्पवर राहायला गेला, फक्त शुक्रवारी मुलीला भेटायला यायचा.

एकदा मेथी निवडता निवडता तिनंच सांगितलं. "वेगळं व्हायचं ठरलंय आमचं ताई. भांडण नाही. फक्त गावी जाऊन बोलायचं राहिलंय."

गावी जाऊन बोलू! हे वाक्य दोह्यातल्या प्रत्येक मराठी घरात ऐकू येतं. दात दुखतोय, गावी गेल्यावर बघू. सोसायटीच्या पार्किंगचा वाद, गावी गेल्यावर बघू. मुलीचं नाव कुठल्या क्लासला घालायचं, नवरा-बायकोनं एकत्र राहायचं की नाही, सगळं गावी. इथं आपण जणू फक्त श्वास घेतो, निर्णय सगळे तिकडे. मी स्वतः असंच म्हणत आले होते. त्या दिवशी मात्र ते वाक्य मला खटकलं.

"मुलगी कोणाकडे?" मी विचारलं.

"माझ्याकडेच. ते म्हणालेत."

"म्हणालेत?"

"म्हणजे, तसं ठरलंय."

तिला मुलगी हवी होती. बाकी घर, गाडी, दागिने, काही नको, असं ती म्हणायची, आणि माझा त्यावर विश्वास होता. तिचं सगळं त्या पोरीत अडकलं होतं.

मग शाळेची सुट्टी जवळ आली आणि एका शुक्रवारी तिचा नवरा खाली आमच्याकडे आला. हातात बकलाव्याचा डबा. दोन वर्षांत हा माणूस आमच्या दारात रिकाम्या हातानंसुद्धा आला नव्हता.

"वहिनी, तिला जरा समजवा. आईची तब्येत बरी नसते. पोरीला मराठी वाचता येत नाही, आजीशी इंग्लिशमध्ये बोलते. जाऊ देत दोघींना. चार-सहा महिने राहतील, तिथल्या शाळेत बसेल, जरा मातीशी नातं जुळेल. मी मागून येतोच."

मातीशी नातं! हा माणूस स्वतः पोरीशी "कम हिअर, बेटा" असं बोलायचा. मी डबा उघडलाही नाही.

"भाऊजी, तुम्ही कधी येणार मागून?"

"इन्शाल्ला, सुट्टी मिळाली की."

त्याचा थोरला भाऊ नाशिकच्या कोर्टात वकिली करायचा. तिथलं प्रस्थ. हे मला त्यानंच पूर्वी एकदा छाती फुगवून सांगितलं होतं, माझ्या पदवीचा विषय निघाला तेव्हा.

दुसऱ्या आठवड्यात मी साहेबांना विचारलं, सहज विचारल्यासारखं. "सर, घटस्फोट, मुलाचा ताबा, हे फेडरल कोर्टात जातं का? नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात असली तर?"

"नाही. ते फेडरल कोर्ट हातात घेत नाही. दोघं दोन टोकांना राहत असले तरी. घरातलं भांडण राज्याचं."

"मग कुठल्या राज्याचं?"

"मूल गेले सहा महिने जिथे राहत होतं त्या राज्याचं, बहुतेक करून. म्हणून काही लोक भांडायच्या आधी मुलाला हलवतात." एवढं बोलून ते थांबले, आणि माझ्याकडे असं पाहायला लागले की मला कळलं, आता ते माझ्यावर संशय घेतायत. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"माझं नाही सर. शेजारी."

"शेजारी," ते म्हणाले, विश्वास न ठेवता. "हे बघ, मी अमेरिकेचा कायदा सांगितला. इथला नाही, तुमचा नाही. मी सल्ला दिलेला नाही."

वकील माणूस. पण बरोबर होतं त्यांचं. तिकडचा नियम इकडे लावायचा नसतो. आपल्याकडे सहा महिने वगैरे काही लिहिलेलं नाही. आपल्या कायद्यात मूल "सामान्यतः जिथे राहतं" तिथलं जिल्ह्याचं कोर्ट. हे मी पाठ केलेलं होतं. आणि "सामान्यतः" म्हणजे काय यावर कित्येक वकिलांची घरं चालतात. शाळा तिथली, आजी तिथली, डॉक्टर तिथला, शेजारणीनं रोज बघितलेली, एवढं जमलं की सामान्यतः व्हायला फार वेळ लागत नाही.

उरलं इथलं. त्यासाठी मी आमच्या मंदूबला गाठलं. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे घालायला ऑफिसनं ठेवलेला माणूस. आमचा सुदानचा आहे, कोणाचंच खरं मानत नाही, म्हणून आमचं जमतं. त्याला हिंदी येतं, मला थोडं अरबी. मी विचारलं, दोघं हिंदू, दोघं भारतीय, इथलं कोर्ट ऐकेल का?

"राहतात इथे, तर ऐकेल. आपल्या देशाचा कायदा लावा असंही सांगता येतं, वकिलाला विचार. पण ते नंतर." त्यानं बोटानं टेबल वाजवलं. "मॅडम, तिचा रेसिडन्स परमिट कोणाच्या नावावर?"

"नवऱ्याच्या. मुलीचाही."

"ती देशात आहे तोवर ठीक. बाहेर गेली, त्यानं इकडे रद्द केला, खलास. किंवा काही करायचंही नाही, नुसतं सहा महिने गप्प बसायचं, तेवढं बाहेर राहिलं की तो आपोआप बाद. मग कोर्ट आहे, कायदा आहे, पण ती आत येणार कशी?"

मी जागेवर येऊन बसले आणि हिशेब मांडला. तिच्या नवऱ्याला कुठलाच गुन्हा करावा लागणार नव्हता. आवाजसुद्धा चढवावा लागणार नव्हता. एक विमानाचं तिकीट काढायचं आणि प्रेमानं निरोप द्यायचा. इथलं दार आपोआप लागणार आणि तिकडचं उघडणार, ज्या दाराशी त्याचा भाऊ काळा कोट घालून उभा.

संध्याकाळी वर गेले. ती बॅगा काढून पुसत होती. मुलगी टॅबलेट घेऊन पलंगावर.

"परतीचं तिकीट आहे का गं?"

"ओपन आहे म्हणाले."

"ओपन म्हणजे नाही."

"ताई, तुम्हाला ना सगळीकडे कोर्टच दिसतं."

"मला कोर्ट दिसेना. मला दार दिसायलंय. तू बाहेर पडलीस की ते कोण लावू शकतं, एवढंच विचारायलेय." राग आला की माझी परभणी बाहेर पडते. मी तिला सगळं सांगितलं, रेसिडन्सचं, शाळेचं, नाशिकचं. ती पुसत राहिली.

"ते असे नाहीत," ती म्हणाली. "भांडतात, पण असे नाहीत."

"असतील नसतील. करू शकतात ना?"

"तुम्हाला यातून काय मिळतं ताई?"

हे मला लागलं. मी उठले. पलंगावरून पोरगी म्हणाली, "आर वी नॉट गोइंग?" आणि तिच्या आवाजात निराशा होती. तिला आजी हवी होती, आंबे हवे होते. मी खलनायिका.

खाली माझ्या नवऱ्यानंही मलाच झापलं. हमद पोर्टवर क्रेनच्या मेंटेनन्सला आहे तो, शिफ्टवरून आलेला. "तू आधी त्यांच्या घरातून बाहेर ये. उद्या त्यांचं जुळलं की दोघं मिळून तुला शिव्या देतील."

"देऊ देत."

"आणि तो बिचारा खरंच आईसाठी म्हणत असला तर?"

"मग तिला एकटीला पाठव म्हणावं आठवडाभर. किंवा आईला इकडे आण. इथली हॉस्पिटलं काय वाईट आहेत?"

जेवताना दोनदा वर छताकडे बघितलं त्यानं.

माझं म्हणणं तिच्या नवऱ्याच्या कानावर गेलंच. पुढच्या शुक्रवारी जिन्याखाली गाठलं त्यानं मला. या वेळी हातात काही नव्हतं.

"काय वहिनी, ऐकतो की तुम्ही प्रॅक्टिस सुरू केली. ती तालुक्याच्या कॉलेजातली एलएलबी इथं कशाला चालवताय?"

"चालत असती तर फी घेतली असती भाऊजी."

"आमच्या घरातलं आम्ही गावी जाऊन बोलू. चार मोठी माणसं आहेत तिथे."

"चारही तुमचीच ना?"

त्याच्या गालाचा स्नायू हलला. बाकी तो सभ्य माणूस. "तुम्ही फार संशयी आहात," असं शांतपणे म्हणून वर गेला. मला ती शिवी वाटली नाही.

त्यानंतर काही दिवस ती माझ्याशी बोलली नाही. येता-जाता नुसती मान हलवायची. मी मनाशी म्हटलं, झालं, जाईल ती. जाऊ दे. मग एका दुपारी ती खाली आली, फोन हातात. "ताई, मी सासूबाईंना लावते. तुमच्यासमोर. म्हणजे तुमचंही समाधान होईल." मला खोटं पाडायला आली होती ती, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि मला त्याचं बरंच वाटलं. तिनं स्पीकर लावला.

सासूबाई गोड होत्या. खोटं बोलणारी बाई नव्हे ती. "अगं मला काय धाड भरलीय? गुडघे तेवढे कुरकुरतात. या लवकर, घर खायला उठतं. थोरल्यानं शाळा बघून ठेवलीय पोरीची, आपल्या घरापासून चालत. आता म्हणाला, पोरगी इथलीच." मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि तुझं कसं गं? तू माहेरीच राहणार ना? म्हणजे मी खोली त्या हिशेबानं लावते. पोरीचा पलंग माझ्या खोलीत घेतलाय."

ती फोनकडे बघत राहिली.

"हॅलो? गेली का रेंज?"

"आहे आई," ती म्हणाली. "कोण म्हणालं मी माहेरी राहणार?"

"तोच म्हणाला की. का गं, तुला नाही सांगितलं?"

फोन ठेवल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात उभीच राहिली. मी चहा टाकला, कारण मला दुसरं काही सुचेना. तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल बरोबर ठरल्याचा. नाही झाला. आणि मी तेव्हाही पूर्ण बरोबर ठरले होते असं नाही. सासूनं ऐकलं वेगळं, लेकानं सांगितलं वेगळं, असं असू शकतं. कोर्टात एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. पण मला निकाल द्यायचा नव्हता, आणि तिलाही नव्हता. तिला फक्त ठरवायचं होतं, विमानात चढायचं की नाही.

त्या शुक्रवारी तो आला तेव्हा ती मला म्हणाली, ताई, खालचं दार उघडं ठेवा. मी ठेवलं. आवाज पुन्हा छतातून यायला लागले.

"गावी जाऊन बोलू असं ठरलं होतं ना आपलं?"

"इथंच बोलू."

"इथं कोणासमोर? इथं आपलं कोण आहे?"

"कोणी नाही. तुमचंही नाही, माझंही नाही. म्हणूनच."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. माझ्या आईला ऐकवलं असतं तर ती खूश झाली असती.

पुढं जे झालं ते सरळ कोर्टात झालं नाही. वेगळं व्हायचं म्हटलं की इथं आधी समुपदेशनाला बसवतात. एक शांत कचेरी, एक अरब बाई, एक दुभाषा. मी सोबत गेले आणि बाहेरच्या खुर्चीवर बसले, आत मला अधिकार नव्हता. बाजूला बसलेल्या लोकांकडे बघत मी अंदाज बांधत होते, कोण कोणाला फसवतंय. सवय लागली की लागते.

ती जागा काही तिच्या बाजूची होती असं नाही. भाषा परकी, पद्धत परकी. तिचं म्हणणं मराठीतून हिंदीत, हिंदीतून अरबीत जायचं, आणि वाटेत त्याचं काय काय होत असेल देव जाणे. पण त्याचंही तेच होत होतं. त्याला तिथं कोणी दादा म्हणत नव्हतं, कोणी त्याच्या भावाचा मान ठेवत नव्हतं. तोही पहिल्यांदाच नुसता एक माणूस म्हणून बसला होता.

मधेच तो बाहेर आला, पाणी प्यायला. माझ्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसला.

"वहिनी, खरं सांगतो. दादा म्हणाला तिकडे लवकर निकाल लागतो. मी पोरीला तिच्यापासून तोडणार नव्हतो."

"मग पोरीचा पलंग आजीच्या खोलीत कसा?"

"ते आईचं."

"आणि हिला माहेरी पाठवायचं, तेही आईचंच?"

त्यानं हातातला कागदी ग्लास पिळून चपटा केला. "तुम्हाला मी काहीही सांगितलं तरी पटणार नाही."

"नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

महिने गेले. समेट झाला नाही, पण कागदावर एक ठराव झाला, आणि तो इथल्या कोर्टापुढे मांडून पक्का करून घेतला. मुलगी आईकडे. शुक्रवार-शनिवार, म्हणजे इथल्या सुट्टीचे दोन दिवस, बापाकडे. देशाबाहेर न्यायचं तर दोघांची संमती. दोघं याच शहरात, तो कॅम्प सोडून अल वकराला राहायला गेला. पोरगी आता शुक्रवारी सकाळी खाली गाडीचा हॉर्न वाजला की धावत सुटते, आणि आईला जरा वाईट वाटतं, ते ती लपवते.

त्यानं रेसिडन्स रद्द केला नाही. ना हिचा, ना पोरीचा. हे सांगायलाच हवं, नाहीतर मी अन्याय केल्यासारखं होईल. माझा नवरा तर मला हे दर थोड्या दिवसांनी सांगतो. "बघितलंस? उगाच त्याला राक्षस केलंस." मी कधीच राक्षस म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, करू शकतो. माणूस करणार की नाही हे त्याच्या मनात असतं, आणि मनाच्या आत बघायची सोय नाही. करू शकतो की नाही, हे बाहेरून दिसतं. तेवढंच मी बघते. अमेरिकेच्या न्यायाधीशानं आधी तोच प्रश्न विचारला तर त्याला लोक शहाणा म्हणतात. मी विचारला की संशयी.

परवा ती खाली आली. रेसिडन्सचं नव्या मुदतीचं कार्ड दाखवायला आली होती, दोघींचं.

"बघा ताई. केलं ना त्यांनी?"

"केलं," मी म्हटलं. "आपण होऊन केलं?"

ती कार्ड पर्समध्ये ठेवायला लागली. चेन अडकली होती, ती ओढत राहिली.

"दोनदा आठवण करावी लागली," ती म्हणाली.

तिच्या नर्सरीवाल्यांनी तिचा रेसिडन्स नवऱ्याच्या नावावरून आपल्या नावावर घ्यायची तयारी दाखवली होती, ते तिनं पुढे ढकललेलं मला माहीत होतं. मी फक्त विचारलं, नर्सरीचं ऑफिस रविवारी किती वाजता उघडतं.

"सातला," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "तुम्ही याल का सोबत?"